केमिस्टांसाठी संधी, चहापानासह

पदार्थाच्या अवस्था तीन असतात. रसायनशास्त्रज्ञाच्या चार: विद्यार्थी, पदवीधर, सहभागी आणि निमंत्रित. पैकी तिसरी अवस्था सर्वाधिक स्थिर होय. बाहेरून उष्णता मिळाल्याखेरीज (म्हणजे मामा संस्थाचालक असल्याखेरीज) सहभागीचे निमंत्रितात रूपांतर होत नाही, आणि प्रमाणपत्रांच्या सान्निध्यात तो वर्षानुवर्षे टिकतो.

राखी तितिरमारे या अवस्थेत तीन वर्षे होती. एम.एस्सी. रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी, पवनीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन, मुदत तीस एप्रिलपर्यंत, प्रमाणपत्रे अकरा. भंडाऱ्यात भरणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या माहितीपत्रकात ‘नवोदित केमिस्टांसाठी करिअर कक्ष : नियोक्त्यांशी थेट संवाद’ ही ओळ वाचून तिने बारावे मिळवायचे ठरवले. नागपूरच्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेचे प्रमुख येणार, असे संयोजक डॉ. हेमराज सरांनी फोनवर सांगितले होते. त्या प्रयोगशाळेत रसायनीची (म्हणजे सरकारी मराठीतल्या केमिस्टची) एक जागा रिकामी होती. राखीला ती हवी होती, आणि साहेबांना दाखवण्यासारखे तिच्यापाशी एक पोस्टर होते: दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून तपासलेले बासष्ट हातपंप.

निघताना तिच्या आईने, कुंताबाईंनी, एकच सूचना केली. “कोनी दुकानवाला भेटला त लाजू नोको वो. बोलजो त्याच्यासंग.”

केमिस्ट म्हणजे औषधाच्या दुकानात बसणारा माणूस, ही कुंताबाईंची धारणा लेकीच्या पाच वर्षांच्या उच्च शिक्षणाने बदललेली नव्हती. राखी हसली आणि एसटीत बसली. (हे हसणे अपुऱ्या माहितीवर आधारलेले होते, हे दुपारी सिद्ध झाले.)

परिषद आखणीच्या दृष्टीने निर्दोष होती. उद्घाटनास दोन तास दहा मिनिटे लागली. त्यांपैकी रसायनशास्त्राच्या वाट्याला चार मिनिटे आली आणि दीपप्रज्वलनास सहा. परंतु समई भंडाऱ्याच्या पितळेची होती आणि पितळ हा मिश्रधातू आहे, हे लक्षात घेता ती सहाही विषयास धरूनच मानावी लागतात. बीजभाषण ‘करिअर घडवताना’ या विषयावर झाले. वक्त्यांना १९८४ साली नोकरी घरी आणून देण्यात आली होती; त्यांनी तरुणांना चिकाटीचे महत्त्व पटवून दिले.

उत्कृष्ट पोस्टरची निवड भेटींच्या संख्येवरून व्हायची होती. गुणवत्तेबाबत परीक्षकांत मतभेद होतात, संख्येबाबत होत नाहीत. त्यासाठी प्रत्येक पोस्टरशेजारी सहीची वही टांगली होती. राखीचे पोस्टर क्रमांक सतरा जेवणाच्या मांडवालगत लागले, आणि त्याच्या अगदी पुढ्यात, टेबलावर, थंड पाण्याचा कॅन. पाण्यासाठी सही करावी लागते, असा समज झपाट्याने पसरला (आपल्याकडे तो अस्वाभाविक नाही). जेवण आटोपेपर्यंत एकशे अठरा जणांनी पोस्टर क्रमांक सतराला भेट दिली. एकशे अठराही जण पाणी प्यायले.

पोस्टर पाण्याविषयी होते. त्याची शेवटची ओळ कॅनमागे झाकली गेली होती. तीत एका गावाचे नाव होते आणि तिथल्या शाळेजवळच्या हातपंपाच्या पाण्यातील फ्लोराइडचे प्रमाण: लिटरला ४.१ मिलिग्रॅम. मर्यादा दीडची आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास आधी दात डागाळतात, मग सांधे धरतात.

तीन वाजता करिअर कक्ष उघडला. आत तीन नियोक्ते होते आणि तिघांचीही औषधांची दुकाने होती. जिल्ह्यातील समस्त केमिस्टांना निमंत्रणे पाठवावीत, असा लेखी आदेश हेमराज सरांनी कार्यालयाला दिला होता, आणि कार्यालयाने दुकानांच्या पाट्या पाहून तो तंतोतंत पाळला होता. नागपूरची प्रयोगशाळा जिल्ह्यात नव्हती, आणि तिच्या पाटीवर केमिस्ट हा शब्दही नव्हता. साहेबांना पत्र गेलेच नव्हते.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे दुकानदार केवळराम सेलोकर यांनी राखीला आदराने बसवले आणि डी.फार्म. कोणत्या साली झाले, ते विचारले. तिने एम.एस्सी. केमिस्ट्री असे सांगितले.

“मंग तुमी केमिस्ट नाही.”

“केमिस्टच आहे मी.”

“तेच सांगून राहिलो न मॅडम. तुमी केमिस्ट्रीवाल्या. केमिस्ट आमी आहो.”

राष्ट्रीय परिषदेत या मुद्द्यावर झालेली ही एकमेव चर्चा होय. तीत राखीचा पराभव झाला. तरीही आईची सूचना आठवून तिने केवळरामांना पोस्टर पाहायला बोलावले. केवळरामांनी पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि शेवटची ओळ बोट ठेवून वाचली.

“हे त माह्या सासुरवाडीचं गाव आहे,” ते म्हणाले. “सासरा पाच वर्सांपासून माह्याच दुकानातलं मलम गुडघ्याले लावून राहिला. मी समजो, कामाले जीव चोरते.” मग ओळीवरचे बोट न उचलता, “हे कोनाले सांगतलं तुमी?”

“सांगायलाच आले होते. ते साहेब आले नाहीत.”

केवळरामांनी तिथेच उभ्याने सासऱ्यांना फोन लावला. वहीत मात्र त्यांनी सही केली नाही. त्यामुळे नोंदीनुसार ते पोस्टरपाशी आलेच नव्हते.

एकशे अठरा भेटींच्या बळावर पोस्टर क्रमांक सतराला प्रथम पुरस्कार मिळाला. परिषदेच्या अहवालात पुढील आकडे आहेत: करिअर विकासाचे लाभार्थी १४०, प्रमाणपत्रे १५२, नियुक्त्या निरंक. राखीकडे आता तेरा प्रमाणपत्रे आहेत. तीस एप्रिल ही तारीख कायम आहे.

त्या गावाचे नाव या कथेत दिलेले नाही. कोणी विचारल्यास लगेच सांगायचे ठरले होते. वाचक बराच वेळ पोस्टरसमोर उभे आहेत. मध्ये एखाददोनदा हसलेही असतील. नाव मात्र त्यांनी विचारले नाही. म्हणून एकशे एकोणिसावी भेट त्यांच्या नावे मांडली आहे.

सही करावी. पेले शेजारीच आहेत.