एकमताने दुधी

दोन हजार तेवीस सालची ही गोष्ट. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, म्हणजे चातुर्मास चांगला पाच महिन्यांचा, आणि या गोष्टीत त्याचाही थोडा हात आहे.

नाशिकला पाथर्डी फाट्याकडे 'द्राक्षकुंज' नावाची सोसायटी आहे. जे तोडून इमारत बांधायची, त्याचंच नाव इमारतीला द्यायचं अशी आपल्याकडे हल्ली रीत पडली आहे. द्राक्षकुंजात द्राक्षाचा एक वेल नाही आणि शेजारच्या 'आमराई'त लोणच्यापुरतीही कैरी नाही. फक्त द्राक्षकुंजाच्या मागे एक काळ्या मातीचा तुकडा बिल्डरच्या हातून कसा कोण जाणे सुटला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाताई गायधनी सकाळचा चहा त्या मातीकडे बघत प्यायच्या. त्या लग्न होऊन नाशकात आल्या तेव्हा या भागात नुसते मळे होते. भाजी आणायला निघताना पिशवी विसरली तरी पदर पुरत असे. पुढे टेलिफोन खात्यात जन्म गेला, मळेही गेले. आपण पेरलेलं उगवताना एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच आता त्यांचं राहिलं होतं, आणि ते त्या तुकड्यावर अवलंबून होतं.

सेक्रेटरी सोमनाथ बोरस्ते यांना मात्र त्या मातीत पेव्हर ब्लॉक दिसत. जूनच्या सभेत त्यांनी विषय मांडला, की घरोघरी दुसरी गाडी आली आहे, तेव्हा मागे पार्किंग करावं.

"तिथे भाजी लावू," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

"ताई, माझं गाव दिंडोरी. भावाची द्राक्षं आहेत तिथं. फवारे मारून मारून माझी पाठ गेली, म्हणून मी इथं विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. मी माती सोडून आलो, आणि तुम्ही ती माझ्या दारात आणताय."

"मी कुठे आणतेय? ती आधीपासून तिथेच आहे. आलात ते तुम्ही."

ज्योत्स्नाताईंच्या बाजूने उभी राहिली सहाव्या मजल्यावरची वेदिका. ती बंगळुरूच्या कंपनीचं काम घरूनच करायची. तिने पडदा लावून 'वाढत्या शहरातील शाश्वत, लोकसहभागाची स्थानिक अन्नव्यवस्था' अशी चित्रं दाखवली. सभेला समजलं काहीच नाही, पण रंग छान होते. शेवटी तडजोड झाली. दसऱ्यापर्यंत बाग करा. दसऱ्याच्या सभेत निम्म्याहून जास्त घरांनी बागेतलं खातो म्हणून हात वर केला तर बाग राहील, नाहीतर ब्लॉक.

मग लावायचं काय, ते लोकसहभागाने ठरू लागलं.

"वांगी लावू या," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

"चातुर्मासात?" जोशीकाकूंनी विचारलं. "आणि यंदा पाच महिने."

"बटाटा?"

"जमिनीखालचं आमच्याकडे चालत नाही," शहाभाई म्हणाले.

पालकाने कोणाला मुतखडा होत होता, गवारीने कोणाला वात. भेंडी चिकट. कारल्याचं नाव तर कोणी पुरतं उच्चारू दिलं नाही. टोमॅटोला युरिक अॅसिडवाल्यांनी बाद केलं. पुढे जुलैत टोमॅटो असा महागला, की लोक तो सोन्यासारखा पारखून घेऊ लागले, पण ठराव झाला होता. तासभर झाला. तळमजल्यावरचे रहेमानभाई, मनमाडहून रेल्वेचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, घड्याळाकडे बघत होते. घरी जुलेखाभाभी जेवायच्या थांबल्या होत्या.

"दुधी?" ते म्हणाले.

दुधीबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण दुधीबद्दल कोणाचं कसलंच मत नव्हतं.

"एकमताने दुधी," सोमनाथ बोरस्तेंनी लिहून घेतलं. हसले फक्त तेच. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, दुधीचा वेल धरायला लागला की काय करतो ते त्यांना ठाऊक होतं.

प्रत्येक घराचा एक वेल ठरला. मांडव झाला. आपला वेल मागे राहू नये म्हणून प्रत्येकाने गुपचूप शेणखत आणून घातलं. ऑगस्टमध्ये पहिला दुधी आला, तेव्हा त्याला हळदकुंकू वाहून फोटो काढले. मग दुसरा आला. मग तो थांबेचना.

ज्योत्स्नाताई पिशव्या घेऊन स्वतः दारोदार फिरत. "अरे वा, दुधी," प्रत्येक दारात लोक हसून म्हणत. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याच्या हातातली मोठी बॅग बघून माणूस जसा हसतो तसं. दार लागलं की दुधी लताबाईच्या पिशवीत जाई. लताबाई द्राक्षकुंजात सहा घरी धुण्याभांड्याला होती.

एक दिवस तिने ज्योत्स्नाताईंच्या ओट्यावर सगळे दुधी ओळीने मांडले.

"ताई, सहा घरं करते. जाताना सहा भोपळे. बसचा कंडक्टर लगेजचं तिकीट मागतो. आमचा मालक म्हणतो, पगार असाच देतात का? माझी बकरी बी आता वास घेऊन तोंड फिरवती."

"अगं, पण ते तर म्हणतात रोज खातो."

"कोण खातं? घासते ना मी भांडी. एका बी कढईला दुधी लागलेला नाय. तुम्ही दिवाळीला साडी नका देऊ, पन हे बंद करा. नायतर मी आमराई धरते."

त्या दिवशी ज्योत्स्नाताईंना प्रथमच धास्ती वाटली. खाली उतरून बघतात तर गेटपाशी ब्लॉकची चळत लागलेली.

"दसरा लांब आहे की अजून."

"पडून राहतील, ताई," सोमनाथ गोड आवाजात म्हणाले. "दुधीसारखे नासत नाहीत."

ज्योत्स्नाताई आणि जुलेखाभाभींनी मग कंबर कसली. हलवा, थालीपीठ, कोफ्ते, खीर. सोसायटीला गोड लावून वळवायचं, असा बेत होता. हलवा सगळ्यांनी खाल्ला आणि काय आहे ते कळल्यावर दुसऱ्यांदा घेतला नाही. तक्रार न करता सगळं संपवणारे एकटे रहेमानभाई. "स्टेशनच्या कँटीनवर जेवून नोकरी काढली ताई," ते म्हणायचे, "मला काय होतंय."

वाचवलं ते वेदिकाने. मांडवाखाली ज्योत्स्नाताई, हातात बाळासारखा धरलेला दुधी, शेजारी जुलेखाभाभींचा हलवा, असं तिने फोनवर चित्रण करून सगळीकडे पाठवलं. वर तिच्या आवाजात होतं, "या दुधीने पेट्रोलचा एक थेंब प्यायलेला नाही. वेलीवरून थेट ताटात."

रविवारी सकाळी गाड्या आल्या. गंगापूर रोडहून आल्या, देवळालीहून आल्या, ओझरहून आल्या. एक जोडपं त्र्यंबकेश्वरचं दर्शन आटोपून, घरची वाट सोडून आलं. एका बाईंनी काच अर्धी खाली केली.

"पेट्रोल न पिणारा तो हाच का? दोन द्या. पटकन हं, आत एसी चालू आहे."

वरून गॅलऱ्यांतून सोसायटी बघत होती. परक्या माणसाने आपला दुधी छातीशी धरून नेलेला बघून जोशीकाकूंनी हातातलं काम टाकलं. त्या चपला न घालताच खाली आल्या.

"बाहेरच्यांना कसले देताय? आधी घरच्यांचा वाटा."

पुढच्या रविवारी बाहेरचे आणि घरचे अशा दोन रांगा लागल्या आणि दोन्ही भांडल्या. लताबाई म्हणाली, "आता मागितला तरी देत नाय कोणी. तुमचं नशीब फळलं, ताई." ज्योत्स्नाताई हरखून गेल्या. गल्लीत गाड्या अशा अडकल्या की दुधाचा टेम्पो आत येईना आणि सोमनाथना दुकान गाठता येईना. ते शिट्टी घेऊन चौकात उभे राहिले. हरलेला माणूस बघून ज्योत्स्नाताईंना वाईटसुद्धा वाटलं. सोमनाथ शिट्टी वाजवता वाजवता गाड्यांकडे टक लावून बघत होते, तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर सभा बसली.

"ज्यांच्या घरी बागेतला दुधी खाल्ला जातो, त्यांनी हात वर करा," सोमनाथ म्हणाले.

सगळे हात वर गेले. ज्योत्स्नाताईंनी दोन्ही वर केले. त्यांना समोरचं नीट दिसेना.

"वा. तसेच ठेवा हात. आता या आपल्या बाजाराला येणाऱ्या मंडळींच्या गाड्या मागच्या जागेत लावायच्या. इतर दिवशी ती जागा आपली, घरटी एक पट्टा. आणि दुधी माझ्या भावाच्या रानातून, दिंडोरीहून टेम्पोने यायचा. मंजूर. एकमताने."

"अहो, मी—"

"मोठं करायचं म्हटलं की एवढं लागतंच, ताई," वेदिका हळूच म्हणाली.

रहेमानभाई ज्योत्स्नाताईंकडे वाकले. "आता घ्या हात खाली. गाडी सुटली."

बाजार संक्रांतीपर्यंत चालला. मग लोकांना ओझरकडची अळिंबी, म्हणजे मशरूम, सापडली. वेदिका बंगळुरूला गेली आणि हल्ली परिषदांतून द्राक्षकुंजाच्या प्रयोगावर बोलते. तिच्या पडद्यावर बाग अजून हिरवी आहे. सोमनाथच्या भावाने एवढ्याकरता द्राक्षाचा एक तुकडा मोडून मांडवावर दुधी चढवला होता. बाजार बसल्यावरही टेम्पो दर आठवड्याला येत राहिला आणि सगळा माल सोमनाथच्या घरी उतरू लागला. लताबाईने आमराई धरली. तिथे गच्चीवर भाजी लावायचं चाललंय, असं कानावर आल्यावर तिने आपली अट आधीच सांगून ठेवली.

ज्योत्स्नाताईंच्या वाट्यालाही ब्लॉकचा एक पट्टा आला. त्यांनी तिथे कुंड्या मांडल्या, तर सोमनाथनी नियम दाखवला, की पट्ट्यात चाकं असलेलंच ठेवायचं. भावाची ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करता यावी म्हणून त्यांनीच तो नियम असा ऐसपैस केला होता.

आठ दिवसांनी भंगारबाजारातून एक जुनी हातगाडी आली. ब्लॉक बसण्याआधी ज्योत्स्नाताईंनी मागची माती पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली होती. ती रहेमानभाईंनी गाडीत ओतली. वर ज्योत्स्नाताईंनी कोणालाही न विचारता मेथी पेरली.

सोमनाथनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"ताई, हे काय?"

"चाकं मोजा."

"नंबरप्लेट कुठंय?"

"तुमच्या ट्रॉलीला कुठंय?"

सोमनाथनी सोसायटीचं स्टिकर आणून दिलं. मेथी तिसऱ्या दिवशी वर आली. त्या बाजूला ऊन जरा उशिरा येतं, म्हणून ज्योत्स्नाताई रोज सकाळी हातगाडी थोडी पुढे ढकलतात, आणि समोरच्या पट्ट्यातल्या सोमनाथना आपली मोटार तेवढी मागे घ्यावी लागते.