दाऊदभाईंचा डायनॅमो

दाऊदभाई इब्रा गावाला जाणाऱ्या टॅक्सीत दोन सीट घ्यायचे. एक स्वतःसाठी, दुसरी डायनॅमोसाठी. टॉवेलात गुंडाळलेला तो लोखंडी गोळा खिडकीपाशी, शेजारी पांढरा सदरा घातलेले दाऊदभाई, आणि उरलेल्या बोटभर जागेत मी. शिवाय डायनॅमोला ऊन लागत नाही ना, हे बघायचं काम माझ्याकडे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मस्कतमध्ये रुवी भागातल्या एका गॅरेजात रत्नागिरीकडचे दाऊदभाई इलेक्ट्रिशियन होते आणि मी त्यांचा सुपरवायझर. म्हणजे कागदोपत्री. मला कुणी काही विचारत नसे, पण पुण्याचा डिप्लोमा असल्याने मी न विचारताच सांगायचो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. म्हणत, "काय डिप्लोमा?"

इब्राला एका म्हाताऱ्या अर्बाबकडे, म्हणजे ओमानी शेठकडे, त्याच्या बापाने झांझिबारहून जहाजातून आणलेली मोटार होती. तिचा डायनॅमो गाडी पळाली तरच बॅटरी चार्ज करायचा. अर्बाब मात्र संध्याकाळी खजुरीच्या बागेत ती माणसाच्या चालीने हाकायचा. एकदा दिवे मंदावले आणि गाडी पाण्याच्या पाटात गेली. त्याचा मुलगा वैतागला. ईदपर्यंत दिवे नीट झाले नाहीत तर गाडी विकणार, म्हणाला.

दाऊदभाईंनी हट्टच धरला. दर शुक्रवारी डायनॅमोच्या आत फिरणाऱ्या आर्मेचरची तार उलगडायची, बारीक तारेचे जास्त वेढे घालायचे, हाताने हळू फिरवून बल्ब पेटतो का बघायचं. असल्या तेलकट कामालाही अंगात पांढरा सदरा. मी यथेच्छ थट्टा करायचो. नवा अल्टरनेटर टाका, खलास, असा सल्लाही द्यायचो.

"बावा, घाई नको," ते म्हणायचे. "चालीला पेटला पायजे."

ईदआधीच्या शुक्रवारी बल्ब एकदाचा पेटला. डायनॅमो गाडीत बसवून दाऊदभाई नमाजाला गेले. म्हटलं, बॅटरी तरी आपण जोडावी. सवयीने निगेटिव्ह तार बॉडीला लावली. या गाडीत बॉडीला पॉझिटिव्ह लागतं, हे डिप्लोमात शिकवलं नव्हतं. बॉनेटखालच्या पट्टीवर मात्र ठळक लिहिलं होतं. इंजिन चालू केलं, धूर निघाला आणि तीन महिन्यांचे वेढे डोळ्यांदेखत जळाले.

मुलगा धावत आला. तेवढ्यात दाऊदभाई परतले. वासावरूनच त्यांना सगळं कळलं.

"माझा हात चुकला," ते मुलाला हिंदीत म्हणाले. "ईदपर्यंत देतो, इन्शाल्ला."

बॅटरी मी जोडली होती, हे मी सांगितलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

तो आठवडा ते कामावरून आले की मस्कतच्या दार्सैत भागातल्या त्यांच्या खोलीत वेढे घालत बसायचे. मी शेजारी बसून तार धरायचो, सल्ला न देता.

ईदच्या संध्याकाळी अर्बाब गाडीत बसला. मी मुलाशेजारी मागे बसलो. दाऊदभाई मात्र दिव्यांपुढे जाऊन उभे राहिले, खाकरले आणि बागेच्या वाटेने चालू लागले. त्यांच्यामागून गाडी निघाली. मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, अब्बाला आता उजेडातलं पांढरं तेवढं दिसतं.

दिवे जरासुद्धा मंदावले नाहीत. मला मागे बसवेना. उतरून धावत पुढे गेलो आणि दाऊदभाईंच्या शेजारी चालू लागलो, माझ्या चॉकलेटी शर्टात.

"डिप्लोमा, बाजूला हो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्याला मी दिसलो पायजे."