घोडीच्या मोलाची कुजबुज

“या नारीन शहरात थोर अशा दोनच गोष्टी आहेत, झूरा. एक हे डोंगर आणि दुसरी माझी बुद्धी. डोंगर निदान ढगाआड तरी जातात!”

एवढं बोलून खासगी गुप्तहेर शारशेनने बशीतलं शेवटचं तळलेलं बोरसोक तोंडात टाकलं. जन्मभर पाण्याचे मीटर वाचलेल्या माणसाला निवृत्तीनंतर माणसंही वाचता येतात, हे त्याच्या डोक्यात कोणी भरवलं, हा त्याच्या बायकोच्या, झूराच्या मते नारीनमधला एकमेव न उलगडलेला गुन्हा होता.

तेवढ्यात बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, डोळे पुसतच आत आली आणि तिने जेवणाच्या चादरीवर एक काळी डबी आदळली.

“आग लागो या डबीला! दुभती घोडी विकून जोडी आणली. एक मला, एक बिश्केकच्या बहिणीला. फोनला जोडली की बोलणं इकडे कालवतं, तिकडे निवळतं. मध्ये कोणी कान लावला तर त्याला नुसत्या गुळण्या ऐकू येतात. मंत्रीसुद्धा हीच वापरतात, म्हणाला दुकानदार!”

“मग बिघडलं काय?” झूराने विचारलं.

“माझी सून आयझादा पोटुशी आहे. गेल्या वर्षी पहिलं पोटातच गेलं. तेव्हा मी साध्या फोनवर बहिणीला सांगितलं होतं, कोणीतरी ऐकलं आणि नजर लागली. म्हणून या खेपेला फक्त डबीतून सांगितलं. तर आज सकाळी शेजारची तोल्कुन दारात हजर, ‘सुयुंचू दे!’ म्हणून.”

गोड बातमी आधी आणणाऱ्याला द्यायची भेट म्हणजे सुयुंचू. ती मागायला तोल्कुन आली, म्हणजे बातमी फुटली होती.

“पुन्हा काही झालं तर मी त्या पोरीला तोंड कसं दाखवू?” बुरुल म्हणाली. झूराने तिचा हात धरून ठेवला.

शारशेन झूरासह लगेच बुरुलच्या घरी दाखल झाला. आधी त्याने चहाच्या समोवाराच्या धुराड्यात डोकं घातलं. “बातमी इथून वर गेली. थेट उपग्रहाला!” तो खोकत म्हणाला. मग दुकानदारावर घसरला, पण तो आठवडाभर घसा बसून पडला होता. मग बुरुलच्या बहिणीवर.

“माझी बहीण?” बुरुल उसळली. “लग्नाला चाळीस वर्षं झाली, नवऱ्याला अजून स्वतःचं खरं वय सांगितलेलं नाही तिने!”

“अहो, तोल्कुनलाच विचारलं तर?” झूरा म्हणाली.

“साक्षीदाराला विचारायला अक्कल कशाला लागते? याला तपास म्हणत नाहीत!”

“खरंय. तुमच्या तपासात नुसता दुसऱ्यांना ताप,” म्हणत झूराने भिंतीवरून शेजारी हाक मारली. तोल्कुन हातातलं पीठ झटकत आली.

“मला कोणी सांगितलं? तूच की गं, बुरुल! उन्हाळा, घोडीच्या दुधाचा हंगाम, तोंडावर असताना दुभती घोडी कोण विकतं? तेही भरबाजारात कुजबुजायची डबी घ्यायला? तू काय मंत्री आहेस? तुझ्याकडे लपवायला आहे काय? वसंतात मुलगा रशियाहून येऊन गेला, घरात तरणी सून. साध्या फोनवर बोलली असतीस तर कुत्रंही विचारलं नसतं!”



“माझा पुढचा तर्क हाच होता,” शारशेन म्हणाला. कपाळावर काजळी होतीच. कोणी लक्ष दिलं नाही.

“म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं,” बुरुल मटकन खाली बसली. “लागली नजर!”

चहा ओतणारी आयझादा थांबून सासूला म्हणाली, 

“अपा, गेल्या वेळी गल्लीत कोणालाच कळलं नव्हतं. म्हणून ते गेलं, तेही कोणाला कळलं नाही. मी तंदूरमागे बसून एकटीच रडायचे. एक बाई दारात आली नाही.”

तोल्कुनने पिठाचेच हात तिच्या पाठीवर ठेवले.  बुरुल उठली, ठेवणीतला रेशमी रुमाल काढून तोल्कुनच्या हातात कोंबला, आणि साध्या फोनवरून बहिणीला फोन लावला.

“एजे, मी बुरुल! ऐक, आणि मध्ये कोणी चोरून ऐकत असेल तर मेल्या, तूही ऐक! माझ्या सुनेला दिवस गेलेत! सगळ्यांना सांग! आणि सुयुंचू न्यायला ये!”