कागल सोडलं काय?

पाहुणे कराडजवळ आले की पद्माआक्कांचा पहिला फोन जातो, "कुठवर आलासा?" दुसरा कोल्हापूरच्या अलीकडे. मग, "कागल सोडलं काय?" हे पाहुणे नात्यातले नसतात. नाताळच्या सुट्टीत गोव्याला निघालेले, एका रात्रीसाठी आक्कांचा रिकामा वरचा मजला भाड्यानं घेतलेले लोक असतात. आंबोलीकडचा रस्ता निपाणीतून वळतो, म्हणून ते इथं मुक्काम करतात. आक्कांना त्यांची आडनावंही नीट ठाऊक नसतात.

कारण एकच. आक्का जैन. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत, आणि घरी आलेल्या माणसानं आपल्या पंगतीला बसावं हा त्यांचा हट्ट. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. सुट्टीवर निघालेल्या माणसाला त्या वेळी फार तर चहा आठवतो.

मी त्यांच्या खालच्या खोलीत भाड्यानं राहते. चिकोडीजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी आले. आमच्या घरात कॉलेज पाहणारी मीच पहिली. "तू शिकल्यालीस, तूच बघ," म्हणून मोबाईलवरचं बुकिंग त्यांनी माझ्याकडे दिलं. त्यामुळे लोकांनी लिहिलेले शेरेही मलाच वाचून दाखवावे लागतात. एकानं लिहिलं होतं, 'घर स्वच्छ. मालकीणबाई सासूपेक्षा जास्त फोन करतात.' वाचताना मला अवघडल्यासारखं झालं. आक्का म्हणाल्या, "म्हंजे सासू कमी पडती की त्याची."

एका जोडप्याला तर त्यांनी उन्हं असतानाच जेवायला बसवलं. ती दोघं नुकतीच कोल्हापुरात मिसळ खाऊन आलेली. आक्का भाकरी वाढत राहिल्या. "दिवस हाय तवर खावा. रातीला मागितलासा तर न्हाय म्हणणार न्हाय मी. पर तुमच्यासंगं बसणार कोण?"

यंदा बेंगळूरहून त्यांच्या मुलाचा फोन आला. अजितदादा म्हणाले, "आई, या सुट्टीतबी असलेच शेरे आले तर वरचा मजला मी गोदामाला देणार. माणसांची कटकटच नको." आक्कांनी फोन ठेवला. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पोरी, गोदामात पोती येतील. ती काय बोलत्यात व्हय?" आणि आपला मोबाईल माझ्या हातात दिला. "तूच ठेव. आता कुणाला इचारणार न्हाय मी."

त्याच आठवड्यात साताऱ्याचं एक कुटुंब येणार होतं. नवरा-बायको आणि दोन मुली. आक्कांनी शेवग्याची आमटी केली, भाकऱ्या थापल्या, शेंगाच्या पोळ्या केल्या. मग नुसत्या दारात जाऊन यायला लागल्या.

"आक्का, तुम्ही तरी जेवून घ्या," मी म्हटलं.

"आली की बसतो की."

ऊन समोरच्या भिंतीवरून पत्र्यावर चढलं आणि गेलं. त्यांनी मोबाईल मागितला नाही. जेवल्याही नाहीत.

गाडी आली तेव्हा दिवे लागले होते. "कोल्हापुरात देवळात फार गर्दी होती हो," बाई म्हणाल्या. आक्का एवढंच म्हणाल्या, "हात धुवा."

चार ताटं मांडली. धाकटीनं विचारलं, "आजी, तुमचं?"

मी सांगणार होते. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, तशी थांबले. त्यांनी पाचवं ताट आणलं, पंगतीच्या टोकाला मांडलं आणि त्याच्यापुढे बसल्या. ताटात काही वाढलं नाही.

"मी राती खात न्हाय. तुम्ही खावा, मी बसतो."

थोडा वेळ सगळेच संकोचले. मग धाकटी तोंडात घास ठेवूनच त्यांना देवळाजवळच्या हत्तीची गोष्ट सांगायला लागली. थोरली तिला मध्येच दुरुस्त करायची. आक्का रिकाम्या ताटाच्या कडेवर बोटं ठेवून ऐकत होत्या. "मग?" त्या म्हणायच्या. "मग काय केलं त्यानं?"

इतक्यात माझ्या हातातला मोबाईल वाजला. अजितदादांचा फोन होता. मी आक्कांपुढे धरला.

त्यांनी हातानंच नको म्हटलं. "सांग त्याला, घरात माणसं जेवाय बसल्यात."

मी तसंच सांगितलं.