खुंटीवरचे हात

थेल्माआजीने जामीनकीच्या कागदावर सही करायला पेन उघडले आणि घरातले दिवे गेले.

"झालं!" डेलमामा खुर्चीत मागे रेलला. "वर स्वर्गात बाबांना पसंत नाही हे. मी म्हणत नव्हतो?"

"मामा, बाहेर वादळ आहे," मार्नी म्हणाली. "अख्ख्या बंदराचे दिवे गेलेत."

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या त्या घरात भर दुपारी अंधारून आले होते. मार्नीला जीवरसायनशास्त्र शिकायचे होते. राज्याच्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती. पण शिष्यवृत्ती वजा जाताही पदवी हातात पडेपर्यंत अठ्ठावीस हजार डॉलरचे कर्ज होणार होते. आईचे नाव आधीच घराच्या कर्जात अडकलेले. जामीन राहायला आजीशिवाय कोणी नव्हते, आणि होकार कळवायची मुदत उद्या संपत होती.

"अठ्ठावीस हजार!" मामाने पुन्हा सुरू केले. "आणि एवढं शिकून मिळणार किती?"

"सुरुवातीला वर्षाला चाळीस-बेचाळीस हजार."

"माझ्या बोटीवर लॉबस्टरच्या पिंजऱ्यांत आमिष भरणारा पोरगा, कोडी, तेवढे मिळवतो. पुस्तक न उघडता!"

"आणि ज्या वर्षी लॉबस्टर येत नाहीत, त्या वर्षी?"

मामाने कॉफी ढवळली. कपातली कॉफी केव्हाच संपली होती.

"पुरे," आजी म्हणाली. "सही अंधारात करायची नाही. मागच्या खोलीतून कंदील आणू या."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे बूट, दोरखंड आणि जाळी असत, आणि समोरच्या भिंतीवर अल्डनआजोबांचे रबरी हातमोजे. आजोबा फेब्रुवारीत गेले. त्यांनी ठेवले तसेच मोजे राहिले पाहिजेत, कोणी हात लावायचा नाही, असा आजीचा हुकूम होता.

मामाने दार ढकलले आणि तो जागीच थिजला.

काळोखात दोन हात दिसत होते. भिंत नाही, खुंटी नाही, फक्त हात. निळसर हिरवे, थंड उजेडाचे. वर्षानुवर्षे दोर ओढून मोज्यांची बोटे मुडपलेलीच राहिली होती, त्यामुळे प्रत्येक मुठीतून अंगठा तेवढा बाहेर आलेला. डाव्या हाताचा वर. उजव्याचा खाली.

"अल्डन," आजी हळूच म्हणाली.

 

आजोबा जन्मभर मोजकेच बोलले. बोटीवर इंजिनाच्या धडधडाटात बोलून उपयोग नसे. अंगठा वर म्हणजे दोर ओढ, अंगठा खाली म्हणजे सोड. हळूहळू घरातही हो-नाहीसाठी त्यांनी तीच भाषा ठेवली. लग्नाची मागणीसुद्धा त्यांनी अंगठ्यानेच घातली होती, असे आजी सांगत असे.

"सोड म्हणतायत," मामाने बोट दाखवले. "कर्जाचा नाद सोड. उजवा बघ, आई."

"आणि डावा? डावा ओढ म्हणतोय."

"उजव्या हाताचा मान मोठा."

"तुझ्या बापाचा नव्हे. तो डावखुरा होता." आजीने ठणकावले. "सगळं महत्त्वाचं तो डाव्या हातानं करायचा. मार्नी, पेन आण. आजोबा हो म्हणालेत."

मार्नी पेन आणायला गेली नाही. एक शब्दही न बोलता तिचे काम होत होते. उंबऱ्यापलीकडे ते हात शांतपणे तेवत होते आणि त्यांचे गुपित तिला ठाऊक होते.

"आजी," ती शेवटी म्हणाली, "हे आजोबा नाहीत. हे जंतू आहेत. समुद्रातल्या मासळीवर असतात. आमिषाच्या खारवलेल्या हेरिंग माशांवरही येतात. ओल असली, गारवा असला की उजळतात." तिने आत जाऊन उजव्या मोज्यावर बोट घासले. बोटाचे टोकही निळे उजळले.

आजीने ते बोट जवळ ओढून पाहिले. "म्हणजे तो काहीच बोलला नाही."

"नाही."

"हे कळून तुला काय मिळालं? मी सही करतच होते ना?"

"खोट्या होकारावर नको होती गं."

मामाचा धीर आता परतला होता. "बघ! आपल्याच पायावर धोंडा! हिला पगार कोण देणार?"

"एक राहिलं, मामा," मार्नी म्हणाली. "मोजा सुकला की हे जंतू विझतात. आजोबांना जाऊन दोन महिने झाले. हा मोजा आत्ताही ओला आहे."

आजी सावकाश लेकाकडे वळली.

"डेल."

"माझा फाटला होता, आई! पाणी आत येत होतं. म्हटलं, काल एका दिवसापुरता..."

"आणि परत उलटा टांगलास. सोड म्हणणारा तूच होतास तर!"

अंधारात मामाचे तोंड दिसत नव्हते, हे त्याचे नशीब. "पण एकच घेतला," तो पुटपुटला. "शपथ. माझा उजवाच फाटला होता. डाव्याला मी बोटही लावलं नाही."

तिघांनी एकदमच डाव्याकडे पाहिले. तो आजोबांनी ठेवला होता तसाच, खुंटीवर उभा, उजव्यापासून हातभर दूर होता.

मार्नीने तो चाचपला. आतून, बाहेरून, बोटाबोटात. मोजा ठणठणीत कोरडा होता. तिने बोटाला बोट घासून पाहिले. काही लागले नव्हते. तिच्या तळहातावर अंगठा वर करून तो तसाच उजळत राहिला.

"मग हा कशानं उजळतोय?" आजीने विचारले.

मार्नीने मोज्याचा वास घेऊन पाहिला. "मला... मला नाही माहीत, आजी."

"नाही माहीत?"

"नाही."

आजीने तिच्या हातून मोजा घेतला, खुंटीवर होता तसा उभा घातला आणि अंगठ्यावरून एकदा हात फिरवला.

"मग शिकायलाच हवं तुला," ती म्हणाली. "डेल, तो कागद इकडे आण. कंदील राहू दे. एवढा उजेड पुरे."