कांबळेसरांचा आवाज

ऐरोलीत आमच्या शेजारी सुरेखाताई कांबळे एकट्या राहतात. पण परवापरवापर्यंत रोज सकाळी शेअर बाजार उघडला की त्यांच्या घरातून एका पुरुषाचा आवाज येऊ लागायचा. भारदस्त, खर्जातला, ऐकणाऱ्याने आपोआप ताठ बसावं असा. "काय राव! एवढ्यात घाबरलात?" असं तो विचारायचा आणि मग बराच वेळ कुणाची तरी समजूत घालत बसायचा.

आम्ही इथे नवीन राहायला आलो तेव्हा माझ्या बायकोने, वैशालीने, या आवाजाचा कसून तपास केला. आवाज आहे तर माणूस हवा, माणूस आहे तर दारात चपला हव्यात, दोरीवर शर्ट हवा. चपला बायकी, दोरीवर साड्या आणि पंजाबी ड्रेस. शेवटी तिने सरळच विचारलं, "ताई, तुमचे मिस्टर काय करतात?"

"मिस्टर नाहीत. लग्नच नाही केलं. ते आमचे सर."

"मग ते असतात कुठे?"

"इथे," म्हणून सुरेखाताईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि त्याच खर्जात म्हणाल्या, "नमस्कार वहिनी! सगळं ठीक?"

वैशालीने त्यांच्यासाठी नेलेली खिरीची वाटी हातातून पडता पडता राहिली.

सुरेखाताई लोकांना म्युच्युअल फंडात पैसे गुंतवून देतात. बाहेरची खोली हेच ऑफिस. दारावर तेव्हा 'कांबळे इन्व्हेस्टमेंट्स' अशी पाटी, भिंतीवर परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट, फ्रेममध्ये. त्यावर सुरेखा हे नाव ठळक छापलेलं आहे. तरी येणारा माणूस ते वाचतो, मान डोलावतो आणि विचारतो, "सरांचं का?"

हे ऐकून ऐकून त्या विटल्या होत्या. आम्ही इथे येण्याआधी एक दिवस बाजार धाडकन खाली आला. फोनवर एक गिऱ्हाईक काही केल्या त्यांचं ऐकेना. "मॅडम, तुमी कांबळेसरांना द्या ना," एवढंच पालुपद. कांबळेसर नावाचा माणूस जगात नव्हता, तो त्या गिऱ्हाइकानेच पाटीवरून जन्माला घातला होता. सुरेखाताई वैतागल्या. "थांबा," म्हणाल्या, खुर्ची कर्रकन ओढली, टेबलावर ग्लास आपटला आणि पोटातून आवाज काढून म्हणाल्या, "बोला!" मग आधी सांगितलेलंच सगळं शब्दाला शब्द पुन्हा सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, "आत्ता कसं क्लिअर झालं, सर. मॅडमना नीट सांगता येत नव्हतं."

हा आवाज त्यांना जड नव्हता. त्यांचं गाव चिपळूणकडचं. लहानपणी वाडीतल्या मुलींनी भीमजयंतीला नाटक बसवलं, त्यात पुरुषाचं काम करायला कुणी तयार होईना. सुरेखाताई सगळ्यांत उंच, म्हणून मिशी त्यांच्या वाट्याला आली ती कायमची. सावकार झाल्या, फौजदार झाल्या, स्वतःपेक्षा मोठ्या मुलींचे बाप झाल्या. इथे ऐरोलीतही महिला मंडळाच्या नाटकात पुरुष त्याच. मी स्वतः बघितलंय, त्यांनी नुसतं खाकरलं तरी मागून शिट्ट्या येतात. बाकीच्या बायकांना त्या तालमीत एकच गोष्ट सांगतात आणि येताजाता आम्हालाही: "आवाज पोटातून काढा, गळ्यातून नको."

"बघा ना पवारभाऊ," त्या मला एकदा म्हणाल्या, "स्टेजवर मिशी लावून खोटं बोलले तर बक्षीस देतात. घरात मिशीशिवाय खरं सांगितलं तर म्हणतात, सरांना विचारून सांगा."

"पण हे फसवणं नाही का?" मी भीत भीत विचारलं होतं.

"परीक्षा मी दिली. सल्ला माझा, सही माझी. खोटा फक्त आवाज, आणि तोपण माझाच."

गंमत अशी की सरांचा स्वभाव सुरेखाताईंपेक्षा पुष्कळ बरा होता. सुरेखाताई फटकळ. कुणी तोच प्रश्न पुन्हा विचारला की, "झोपला होतात का मघाशी?" म्हणणार. सर मात्र खळखळून हसायचे, मुलांच्या परीक्षा विचारायचे, कुणाच्या म्हातारीची चौकशी करायचे. "सरांकडे पेशन्स आहे," त्या कौतुकाने म्हणायच्या. "मला नाही जमत."

सरांचे सगळ्यांत मोठे भक्त म्हणजे उरणचे दामोदर म्हात्रे. त्यांच्या आईला जमिनीचे पैसे मिळाले होते. म्हातारीच्या नावावरचे ते सगळे पैसे सुरेखाताईंनी नीट गुंतवून दिले होते आणि तिचा औषधपाण्यासकट सगळा खर्च त्यातून चालायचा. मग बाजार पडायला लागला आणि पडतच राहिला. त्यातच पांढऱ्या सफारीतला एक गृहस्थ दामोदररावांना भेटला. वर्षात दुप्पट करून देतो म्हणाला. दामोदररावांनी फोन केला तेव्हा सरांचाही इलाज चालेना.

"सायेब, आता फोनवर नाय. समोरासमोर बोला. रविवारी आयेला घेऊन येतो. तुमी भेटले तर ठीक, नायतर सोमवारी सगले पैशे काडतो."

सुरेखाताई तशाच आमच्याकडे आल्या. इतकं उतरलेलं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. "म्हातारी उघड्यावर येईल हो. तो सफारीवाला गिळणार सगळं." मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाल्या, "पवारभाऊ, चष्मा आहे, टक्कल आहे, पोट आहे. तुम्ही डिट्टो सर दिसता."

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याकडे असं आदराने बघितलं नव्हतं, त्यामुळे मी हो म्हणून बसलो. अडचण एकच होती. माझा आवाज बारीक. गॅसवाला, बँकवाला, कुणीही फोनवर मला "मॅडम" म्हणतो. आम्ही दोघांनी आवाजांची अदलाबदल केली असती तर दोघांचाही संसार सुखाचा झाला असता.

शनिवारी तालीम झाली. मला वाक्य दिलं होतं एवढंच: "म्हात्रे, पैसे हलवायचे नाहीत." मी म्हटलं. वैशाली हसत हसत मोरीत गेली.

"पोटातून, पवारभाऊ! एवढं आणलंय ते वापरा!"

शेवटी सरांचा घसा बसलाय असं सांगायचं ठरलं.

रविवारी दामोदरराव आले. गळ्यात सोन्याची साखळी, हातात पापलेटची पिशवी, खास सरांसाठी. मागून काठी टेकत त्यांची आई. नऊवारी, डोळे बारीक, सगळीकडे बघणारे. मी सुरेखाताईंच्या खुर्चीत बसलो होतो. घाम बनियनमधून शर्टात उतरला होता.

"सायेब!" दामोदरराव माझ्या पायाशीच वाकले. मी घशाकडे बोट दाखवलं.

मग ते बोलत राहिले, मी मान हलवत राहिलो. सुरेखाताई शेजारच्या स्टुलावर बसून प्रत्येक प्रश्नाचं चोख उत्तर देत होत्या. आणि दामोदरराव दर उत्तर त्यांच्याकडून ऐकून माझ्याकडे बघत होते, खरं का म्हणून. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भिंतीवर सर्टिफिकेट होतं त्या बाईचं, आणि माझ्या नुसत्या मान हलवण्यावर एका म्हातारीचे पैसे राहणार की जाणार ते ठरत होतं. त्या क्षणी मला खरंच लाज वाटली. नाटकाची नाही, त्या खुर्चीची.

सुरेखाताई चहा आणायला आत गेल्या आणि घात झाला.

"सायेब, एकच सांगा," दामोदरराव पुढे सरकले. "काडू का नको?"

माझं वाक्य मला पाठ होतं. पण आयुष्यात मला कुणीही काहीही विचारलं की माझ्या तोंडून एकच उत्तर जातं, आणि तेच गेलं. "बघा बुवा," मी बारीक आवाजात म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

"म्हंजे काडू?"

"अजिबात काढायचे नाहीत, म्हात्रे!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. चहाचा ट्रे हातात घेऊन सुरेखाताई दारात उभ्या होत्या आणि आवाज सरांचा होता. अस्सल, पोटातला. दामोदररावांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आता पैसे गेले, सुरेखाताईंचा धंदा गेला आणि पापलेटही गेलं.

तेवढ्यात म्हातारी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, गदागदा.

"आये, हसतंस काय? यो सायेब खोटा हाय!"

"मना पयल्यापासून म्हाईत हाय," म्हातारी म्हणाली. "फोनवर सायेब दरवेली मना इचारी, आजी, गुडघा कसा हाय? तेल लावता का? बाप्या मानूस कदी गुडघा इचारतो का रं? तू माझा पोर, तू कदी इचारलास?"

दामोदरराव गळ्यातली साखळी चाचपू लागले.

"बोल गो पोरी," ती सुरेखाताईंना म्हणाली. "तुझे आवाजात बोल. पैशे माझे हायत."

सुरेखाताईंनी ट्रे ठेवला. मी खुर्चीवरून उठलो, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्या बसल्या आणि बोलल्या. आवाज थोडा कापत होता, पण बाजार का पडलाय, आजींना लागणारे पैसे सुरक्षित कुठे ठेवलेत, तो सफारीवाला काहीही लिहून द्यायला का तयार नाही, सगळं त्यांनी न चिडता सांगितलं. दामोदररावांनी या वेळी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. शेवटी डोकं खाजवत म्हणाले, "पन मॅडम, बाजार परत पडला, मी घाबरलो, तर फोन कोनाला करू?"

"मलाच."

"आनी सायेब?"

"सर रिटायर झाले, म्हात्रे. आत्ताच."

पैसे राहिले, पापलेटही राहिलं. मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी मी वैशालीला न विचारता आइस्क्रीम आणलं.

पाटी बदलली. आता तिथे 'सुरेखा कांबळे' असं पूर्ण नाव आहे. सर रिटायर झाल्याचं कळल्यावर काही गिऱ्हाइकं गळाली, पण बरीचशी टिकली, आणि काहींनी तर सरांसाठी शाल आणि नारळ पाठवला. सुरेखाताईंनी शाल ठेवून घेतली. "त्यांनी मेहनत केलीच आहे ना," म्हणाल्या. सकाळी आता त्यांचाच आवाज येतो, फटकळ आणि मोकळा.

पण मागच्या आठवड्यात, दिवेलागणीनंतर, आम्ही ताटं घेत होतो. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या अगदी लागून आहेत. पलीकडून सरांचा आवाज आला. हळू, मायेचा.

"सुरेखा, पुरे झालं आता. जेवून घे."

आणि मग त्यांचाच आवाज, दमलेला, "हो सर. घेते."

पुढे फक्त एका ताटलीचा आवाज. वैशालीने हातातली पळी तशीच धरून ठेवली. सगळ्या गिऱ्हाइकांची चौकशी करणारा तो माणूस सुरेखाताईंचीही चौकशी करत होता. त्यांना दुसरं विचारणारं होतं कोण?

वैशाली उठली. खिडकीशी गेली, छाती फुगवली आणि तिला जमेल तितक्या जाड, भयानक आवाजात ओरडली, "सुरेखा! ताट वाढलंय, इकडे ये!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, गॅस बंद केल्याचा आला, आणि सुरेखाताई म्हणाल्या,

"आवाज पोटातून काढ गं, गळ्यातून नको. आले."