मिक्स कोंडवाडा

उदयसिंगांनी पिंजरा उभा केला त्या दिवसापासून पत्नी रंजीताबाई त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलत होत्या. पोलीस दलाच्या बॉक्सिंग संघात या माणसाची उमेदीची वर्षं गेली, नाक मोडलं, एक कान कायमचा गुणगुणायला लागला. आता निवृत्त होऊन रिठदला स्वस्थ बसावं, तर बसथांब्यामागच्या जागेत त्याने पिंजऱ्यात लढायच्या मिक्स मार्शल आर्टची जिम काढली. त्याच जागेवर रंजीताबाईंना पिठाची चक्की टाकायची होती.

"रविवारी उद्घाटन हाय ना?" त्या पोळी वाढताना म्हणाल्या. "त्या दिवशी एक जरी माणूस शिकाले आला तं जिम तुमची. नाही तं सोमवारी चक्की."

"पोट्ट्यायची लाइन लागते का नाही, पाह्य तू."

लाइन लागावी म्हणून उदयसिंगांनी रिक्षाला भोंगा बांधून जाहिरात फिरवली. मजकूर त्यांचा स्वतःचाच होता: "आठ कोनांचा मजबूत पिंजरा. मस्ती जिरवण्याचं एकमेव ठिकाण. मोकाट फिरणाऱ्यांना शिस्त लावली जाईल. एकदा आत गेला की सहजासहजी सुटका नाही."

गावाने ही जाहिरात मन लावून ऐकली. जुन्या कोंडवाड्याची भिंत कधीचीच पडली होती, हरभरा घाट्यावर आला होता आणि मोकाट ढोरांनी शेतकऱ्यांची झोप उडवली होती. जाहिरातीचा जो अर्थ निघायचा तो निघाला, आणि खरं सांगायचं तर त्यात गावाची काही चूक नव्हती.

शनिवारी सकाळीच शेषराव दोन गोऱ्हे हाकत आले. "घ्या भाऊ, कोंडा. रातभर माह्या हरबऱ्यात होते."

"शेषराव, हा कोंडवाडा नाही. इथं माणसं लढतात."

"लढू द्या ना. गोऱ्ह्यायले काय अडचण हाय?"

"हे मिक्स हाय, मिक्स."

"मिक्सच पाह्यजे. मांगून बकऱ्या बी येऊन राह्यल्या," असं म्हणून शेषरावांनी गोऱ्हे आत ढकलले आणि ते निघूनही गेले.

उदयसिंगांनी गोऱ्हे सोडून दिले. गोऱ्हे सरळ शेषरावांच्या हरभऱ्यात गेले. घटकाभरात शेषराव पुन्हा हजर झाले, ते चांगलेच तापलेले.

"कोंडवाड्यातून पावतीबिगर ढोरं सोडता? मालकाले फितूर झाले का तुमी?"

एवढं झाल्यावर काही सोडायची सोय राहिली नाही. संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात दोन गोऱ्हे, एक गाभण गाय, चार बकऱ्या, एक दांडगा बोकड आणि कुणीच मालकी न सांगितलेलं गाढव जमलं. माणूस मात्र एकही आला नाही. उदयसिंग नव्याकोऱ्या मॅटवरचं शेण काढत असताना रंजीताबाई कुंपणापाशी येऊन थांबल्या.

"भरती जोरात हाय," त्या म्हणाल्या.

रविवारी सरपंच कस्तुराबाईंनी फीत कापली. "गावाची लय दिवसाची मागणी उदयसिंगभाऊंनी पुरी केली," असं त्या बोलायला लागल्या आणि टाळ्या पडल्या. उदयसिंगांचा चेहरा उतरला. इतक्यात गर्दीतून वाट काढत बेबीताई आल्या.

"माह्या बोकडाले काहून कोंडलं? थो कोनाच्या वावरात जात नाही."

"थांबा ताई, आत्ता काढून देतो," म्हणत उदयसिंग आत शिरले. बोकडाने मान खाली घातली. ते पाहताच उदयसिंगांच्या दोन्ही मुठी सवयीने हनुवटीपुढे आल्या. बॉक्सिंगमध्ये कंबरेखाली कुणी मारत नाही, म्हणून जन्मभर त्यांनी वरचाच भाग सांभाळला होता. बोकडाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिली धडक गुडघ्यावर बसली, दुसरी मांडीवर, आणि मग बोकड त्यांच्या छातीवर उभा राहून ट्रॅकसूटची नाडी चघळू लागला. उदयसिंगांनी तीनदा मॅटवर हात आपटला.

"हारले," रंजीताबाई म्हणाल्या. "हात आपटला का हारला. या खेळात असंच असते, मले रोज सांगतात ना."

असा काही खेळ असतो हे गावाला आत्ता कळत होतं. सरपंचबाईंची कॉलेजात शिकणारी नात पल्लवी पुढे सरकली.

"म्हंजे इथं लाथा बी मारता येतात?"

"येतात," उदयसिंग पडल्यापडल्या म्हणाले.

"पाडता येते?"

"येते."

"आन डोक्यानं हाणता येते?"

"नाही. डोक्यानं फाउल हाय."

"मंग तं बोकड बाद झाला," शेषराव म्हणाले.

"काहून बाद?" बेबीताई कडाडल्या. "भाऊंनी हात आपटला का नाही? माहा बोकड जितला."

"फाउलनं जितला तं जितला म्हनत नाही, बाई."

झालं. सरपंचबाईंचं भाषण राहिलं बाजूला. अर्धं गाव बोकडाच्या बाजूने आणि अर्धं उदयसिंगांच्या बाजूने भांडू लागलं. नियम काय आहेत हे विचारायला माणसं कुंपणाला चिकटली. कुणी तरी गाईला बाहेर काढून जागा केली. उदयसिंग छातीवरच्या बोकडासकट नियम समजावू लागले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं कुणी ऐकत होतं. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

"माहं नाव लिहा," पल्लवी म्हणाली. तिच्यामागे तिच्या मैत्रिणींनीही नावं दिली, आणि मग लाजत लाजत शेषरावांनीही दिलं. रंजीताबाईंनी चक्कीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी उदयसिंग इस्त्रीचा ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिटी अडकवून पिंजऱ्याच्या दारात उभे होते. पल्लवी सगळ्यांच्या आधी आली. तिने आत डोकावून पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

"आले नाहीत का?"

"आलो ना. हा काय उभा हाय."

"तुमी नाही सर. बोकड."



"येऊन राह्यला," ते म्हणाले. "बेबीताई घेऊन येऊन राह्यली." आणि शिटी खिशात टाकून ते बोकडासाठी घमेल्यात सरकीची ढेप भिजवायला गेले.